कॅमेरे नवे घेऊ नका, आधी वायर बदला

जुळे सोलापुरातल्या एका वाचक बाई लिहितात:

"आमचं बैठं घर आहे, वर गच्ची. मी निवृत्त शिक्षिका. यजमान नाहीत, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. त्याने दोन वर्षांपूर्वी घराभोवती चार कॅमेरे बसवून दिले. गेल्या पावसाळ्यात फाटकावरचा बंद पडला. मागच्या दारचा दिवसा नीट चालतो, पण रात्र झाली की बंद-चालू होत राहतो. गच्चीवरून आलेली पांढरी वायर उन्हाने तडकली आहे आणि एका ठिकाणी खारीने कुरतडली आहे. बसवणारा म्हणतो, कॅमेरे जुने झाले, चारही नवे घ्या. मुलगा म्हणतो, वायफायचे घेऊ, वायरीची कटकटच नको. त्यात शेजारच्या वहिनी नाराज आहेत. आमचा कॅमेरा त्यांच्या मागच्या अंगणात बघतो, असं त्यांचं म्हणणं. वर्षातून दोनदा मी महिनाभर पुण्याला जाते, तेव्हा घर बंद असतं. मी काय करू?"

बाई, नमस्कार.

चार नवे कॅमेरे घेऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं बहुतेक वायरीची आणि जोडाची आहेत. त्याच तडकलेल्या वायरीला नवे कॅमेरे लावले तर पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही पुन्हा इथेच याल, आणि पेन्शनमधली चांगली रक्कम मधल्या मध्ये गेलेली असेल.

आधी मागच्या दारच्या कॅमेऱ्याचं. दिवसा ठीक आणि रात्री बंद-चालू, या तक्रारीमागे बहुतेक वेळा एकच कारण निघतं. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेडचे दिवे लागतात आणि तो दिवसापेक्षा जास्त करंट ओढायला लागतो. वायर बारीक असेल, लांब असेल किंवा जोड गंजलेला असेल तर व्होल्टेज वाटेतच पडतं. कॅमेऱ्यांना वीज देणाऱ्या पेटीतून १२ व्होल्ट निघतात, पण कॅमेऱ्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. कॅमेरा बंद होतो. बंद झाला की भार जातो, व्होल्टेज पुन्हा चढतं, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात आणि परत तेच. रात्रभर हे चालू. खात्री करायची असेल तर इलेक्ट्रिशियनला अंधार पडल्यावर बोलवा आणि दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टिमीटर लावून बघायला सांगा. आकडा १०.८ च्या खाली गेला तर दोष पुरवठ्यात आहे, कॅमेऱ्यात नाही.

फाटकावरच्या बंद कॅमेऱ्याची परीक्षा याहून सोपी. तो उतरवून घरात आणा आणि डीव्हीआरशेजारी, म्हणजे चित्रं साठवणाऱ्या यंत्राशेजारी, हातभर नव्या वायरीने थेट जोडा. चित्र आलं तर कॅमेरा जिवंत आहे. नाही आलं तर तेवढा एक बदला. बसवणाऱ्याला ही परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा माणूस बघा.

आता दोष जिथे असतो तिथे जाऊ. प्रत्येक कॅमेऱ्याच्या मागून वीतभर शेपटी निघते. तिला दोन टोकं असतात, एक चित्राचं आणि एक विजेचं. तुमच्याकडे ही टोकं बहुधा काळ्या टेपने गुंडाळून भिंतीवर लोंबत सोडलेली असतील. ती टेप सोडवून बघा. सोलापूरच्या मे महिन्यात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि आतला जोड उघडा पडतो. पहिल्या पावसात तिथे पाणी शिरतं. मग पिनेवर हिरवी भुकटी दिसते, मधली तांब्याची तार काळी पडलेली असते आणि हात लावला की तुटते. ओल आणि डीसी करंट एकत्र आले की तांबं असंच खाल्लं जातं, आणि हे काम चोवीस तास चालू असतं, कारण कॅमेरा कधी बंदच नसतो.

खोक्यावर आयपी ६६ किंवा आयपी ६७ लिहिलंय मग पाणी कसं गेलं, असं तुमचा मुलगा विचारेल. पहिल्या ६ चा अर्थ, धूळ आत शिरत नाही. दुसऱ्या ६ चा अर्थ, पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी चालतं. ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण हा दाखला कॅमेऱ्याच्या अंगाचा आहे. मागच्या उघड्या जोडांना तो लागू नाही, आणि ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह बॉक्सचा. प्रत्येक कॅमेऱ्यामागे प्लास्टिकचा, रबराची कडा असलेला, पाच बाय पाच इंचांचा बॉक्स हवा. चार बाय चारमध्येही काम होतं, पण त्यात जोड कोंबावे लागतात आणि कोंबलेल्या वायरीला मुरड पडते. बॉक्स भिंतीला चार गिट्ट्यांवर पक्का करायचा, कॅमेरा त्याच्या झाकणावर बसवायचा आणि दोन्ही जोड आत ठेवायचे. पाईप बॉक्समध्ये खालून किंवा मागून आणायचा, वरून कधीच नाही. वरून आणला की पाईपातलं पाणी सरळ जोडावर उतरतं. भिंत आणि बॉक्स यांच्या मधल्या फटीला वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन मारायचं, खालची कड मोकळी सोडायची. तळाला चारेक मिलिमीटरचं एक छिद्र पाडायचं. हे छिद्र बघून कारागीर नाकं मुरडतात, पण ते लागतंच. दुपारी बॉक्स तापतो, पहाटे गार होतो, आत दमट हवा ओढली जाते आणि तिचं पाणी होतं. त्याला बाहेर पडायला वाट नसेल तर चारी बाजूंनी बंद केलेला बॉक्स स्वतःच आतून पाणी धरतो. छिद्र याहून मोठं मात्र नको, नाहीतर कुंभारमाश्या आत घर करतील.

आता वायर. तुम्ही लिहिता ती पांढरी वायर घरातल्या वापराची असणार. ऊन लागून तिचं वरचं प्लास्टिक कडक होतं, मग तडकतं. एकदा वर तडा गेला की पावसाचं पाणी आवरणाच्या आतून खाली खाली झिरपत जातं, आणि बिघाड तड्यापासून पंधरा फुटांवर निघतो. त्यामुळे तडकलेल्या जागेवर टेप लावून उपयोग नाही. तो तुकडा अख्खा बदलावा लागेल. बाहेरच्या कामाला काळ्या आवरणाची, पॉलिथीनची वायर मागा. तिच्यात काजळी मिसळलेली असते आणि ती उन्हातले अतिनील किरण अडवते.

वायर घेताना एक गोष्ट स्वतः बघा. दुकानदाराला टोकाची तार ब्लेडने खरवडायला सांगा. आतपर्यंत तांबूस दिसली तर तांबं आहे. खरवडल्यावर चांदीसारखी पांढरी निघाली तर ते तांब्याचं पाणी चढवलेलं अॅल्युमिनियम आहे. ती स्वस्त पडते, पण विजेला तिचा विरोध जास्त असतो, त्यामुळे रात्री व्होल्टेज पडण्याचा तुमचा त्रास तिने वाढतोच, आणि जोडाशी ती लवकर तुटते. नवी पेठेत असो की घराजवळच्या दुकानात, ही परीक्षा करू द्यायला खरा दुकानदार नाही म्हणत नाही.

वायर नेण्याची वाट हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो नेहमी घाईत होतो. कारागीर सगळ्यात जवळची वाट धरतो. तुम्ही सगळ्यात सावलीची धरा. आपलं गाव साधारण साडेसतरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, बाकीचं वर्षभर तो दक्षिणेकडून जातो. म्हणजे दक्षिणेची भिंत हिवाळाभर तापते, पश्चिमेची बाराही महिने दुपारनंतर भाजते, आणि उत्तरेच्या भिंतीला त्या मानाने फार कमी ऊन लागतं. शक्य तेवढी वायर उत्तरेच्या भिंतीने, सज्जाखालून न्या. दहा-वीस फूट वायर जास्त लागली तरी चालेल. गच्चीवरून तर नेऊच नका. तिथे ऊन आहे, पाय पडतात, आणि नळाला पाणी आलं की टाकी ओसंडून सगळं तिथूनच वाहतं.

बाहेरची सगळी वायर पाईपात हवी. आयएसआय छापाचा कडक पीव्हीसी पाईप घ्या, सगळ्यात पातळ जातीचा नको. वायरी आत गच्च भरू नयेत, निम्म्याहून जास्त जागा रिकामी राहिली पाहिजे, आणि एक ओढवायर आतच ठेवून द्यायला सांगा, म्हणजे पुढे वायर बदलताना पाईप काढावा लागणार नाही. दर दोन फुटांवर क्लॅम्प. वायरीवर थेट खिळ्याची क्लिप ठोकू देऊ नका, ती वायर चिमटते. आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कुणी बघत नाही: पीव्हीसी उन्हाने लांबतो. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत दहा मीटरच्या सरळ पाईपात तीन सेंटीमीटरच्या आसपास फरक पडतो. दोन्ही टोकं आणि सगळे सांधे सोल्युशनने चिकटवून टाकले तर पाईप धनुष्यासारखा वाकतो आणि क्लॅम्प उपटून काढतो. लांब सरळ ओळीत एक सांधा न चिकटवता नुसता खोल बसवलेला असावा, म्हणजे त्याला सरकायला जागा राहते.

फाटकाजवळ जमिनीपासून आठ फुटांपर्यंतचा भाग मात्र लोखंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाईपात घ्या. तिथे हात पोचतो, आणि चोर आधी तीच वायर ओढतो. लोखंडी पाईपला अर्थिंग जोडायला विसरू नका.

खारीचं काय? खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून ती काहीतरी कुरतडत असतेच. उंदीर-घुशीचंही तेच. गुळगुळीत, भिंतीला घट्ट बसलेल्या पाईपावर तिचे दात सहज लागत नाहीत. ती सुरुवात करते ती उघड्या टोकापासून किंवा लोंबणाऱ्या वायरीपासून. म्हणून पाईपाचं प्रत्येक टोक बॉक्समध्ये संपलं पाहिजे. जिथे कुरतडलंय तिथे झाडाची फांदी भिंतीला टेकत असेल तर ती छाटा. तेवढ्या भागात पोलादी फ्लेक्झिबल पाईप घातला की प्रश्न मिटेल.

वायर भिंतीतून घरात घेताना छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं. आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा, छिद्राच्या पातळीपेक्षा वीतभर खाली उतरवून मग वर आणून आत घालायची. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाला गळून पडतं, आत येत नाही. एवढीशी गोष्ट, पण ती नसल्यामुळे भिंतीला ओल येते आणि डीव्हीआरपर्यंत पाणी पोचतं.

घरातल्या लाईटच्या २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाईपात कॅमेऱ्याची वायर घालू देऊ नका. एक तर ते धोक्याचं, दुसरं म्हणजे चित्रात आडव्या रेषा फिरायला लागतात. दोघींत फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकींना ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. तुमच्याकडे हा त्रास कमी असेल. पण शहराच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असलेले वाचक हे वाचत असतील, त्यांनी विशेष लक्ष द्यावं. मागाच्या मोटारीच्या वायरीला चिकटून कॅमेऱ्याची वायर गेली की चित्र कायम हलतं. मागाच्या भिंतीवर बसवलेल्या कॅमेऱ्याचे स्क्रूही कंपनाने सैल होतात, आणि भिंगावर सुताचा पिंजा बसतो. त्यांनी कॅमेरा शेजारच्या, मागापासून सुट्या भिंतीवर घ्यावा.

वळवाच्या पावसात विजा किती कडाडतात ते तुम्हाला सांगायला नको. वीज थेट घरावर पडायची गरज नसते, जवळपास पडली तरी लांब वायरीत उसळी येते आणि डीव्हीआरचे पोर्ट जळतात. कॅमेरा गच्चीवरच्या उंच पाईपावर नको. घराचं अर्थिंग तपासून घ्या, कारण अर्थिंगच नसेल तर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे ही उसळी अडवणारं उपकरण, लावूनही काही होत नाही. आणि कॅमेऱ्यांना वीज देणारी एसएमपीएसची पेटी बाहेर असेल तर आत आणा. बाहेर लावलेली पेटी उन्हाने मरते.

मुलाला माझा निरोप द्या: वायफायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागते, म्हणजे एक वायर आलीच. वाचते ती फक्त चित्राची. शिवाय दोन-तीन भिंती मध्ये आल्या की सिग्नल पडतो, आणि घरातलं इंटरनेट किंवा लाईट गेली की पुण्याहून काही दिसत नाही. बॅटरीचे आणि सोलरचे कॅमेरे मिळतात. पण त्यांतले बहुतेक बॅटरी वाचवायला हालचाल दिसली तरच चित्र घेतात, सलग नाही. महिनाभर बंद राहणाऱ्या घराला मी ते सुचवणार नाही. पुढे कधी कॅमेरे खरोखर बदलायची वेळ आली तर कॅट सिक्स, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कच्या, वायरीवरचे आयपी कॅमेरे घ्या (हे आयपी म्हणजे नेटवर्कवर चालणारे, वरच्या धूळ-पाण्याच्या आयपीशी त्याचा संबंध नाही). त्यात वीज आणि चित्र एकाच वायरीतून जातं, आणि स्विचपासून, म्हणजे या वायरी जिथे एकत्र जोडतात त्या नेटवर्कच्या पेटीपासून, १०० मीटरपर्यंत चालतं. त्यासाठीच आताचा पाईप थोडा मोठा, २५ मिलिमीटरचा टाकून घ्या.

तुम्ही महिनाभर बाहेर असता म्हणून हेही बघा की रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दोन मेगाबिटच्या वेगाने सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवस पुरते, मग जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. चोरी तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी झाली आणि तुम्ही महिन्याने परतलात तर हातात काही राहणार नाही. चार टीबीची डिस्क बसवून घ्या. डीव्हीआर टीव्हीखाली मांडून ठेवू नका, हवा खेळेल अशा कुलपाच्या कपाटात ठेवा, त्याला आणि कॅमेऱ्यांच्या पेटीला मिळून एक छोटा यूपीएस द्या. बसवणाऱ्याने दिलेला पासवर्ड आजच बदला.

कॅमेरे पुन्हा लावाल तेव्हा उंची नऊ-दहा फूट ठेवा. खाली लावले तर हाताला येतात, फार वर नेले तर फक्त टाळू दिसते. भिंगात थेट उगवता किंवा मावळता सूर्य येऊ नये. भिंगासमोर पांढऱ्या सज्जाची कड आली तर रात्री सगळं चित्र धुरकट पांढरं होतं, कारण कॅमेऱ्याचाच उजेड तिच्यावरून उलटून येतो. कोळ्याच्या जाळ्यानेही तेच होतं, म्हणून आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा कुंचा फिरवा.

हे काम करताना तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका. कारागीर येईल तेव्हा पावतीवर वायरीची जात, तांबं असल्याचा उल्लेख, पाईपाचे मीटर आणि बॉक्सची संख्या लिहून घ्या. पाईप कुठून कसा गेला त्याचे फोटो काढून मुलाला पाठवा, पुढे भिंतीत खिळा ठोकताना उपयोगी पडतील.

राहिल्या शेजारच्या वहिनी. त्यांची तक्रार रास्त आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. पण कायद्यापर्यंत जायचं कारणच नाही, कुणाच्याही मागच्या अंगणात कपडे वाळत असतात, अंघोळीचं पाणी तापत असतं. मागच्या दारचा कॅमेरा तुमच्या कंपाउंडच्या भिंतीवर रोखून थोडा खाली झुकवा. तरीही त्यांचं अंगण कोपऱ्यात येत असेल तर डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये तेवढा भाग काळ्या चौकोनाने झाकता येतो. प्रायव्हसी मास्क नावाची ही सोय बहुतेक सगळ्या डीव्हीआरमध्ये असते. झाकलेला भाग रेकॉर्डही होत नाही. हे करून झालं की वहिनींना घरी बोलवा आणि पडद्यावर चारही चित्रं दाखवा. तुम्ही पुण्याला असताना घराकडे लक्ष ठेवणाऱ्या त्याच आहेत, तेव्हा फाटकाची एक किल्ली आणि मुलाचा नंबरही त्यांच्याकडे देऊन ठेवा.